ज्याच्या हातात मोबाइल होता त्याला

नागपूर

चि. छोटूस,


तो व्हिडिओ मी पाहिला. कुणी दाखवला ते विचारू नकोस. चोवीस तासांत स्टोरी पुसली जाते असं तुम्हाला वाटतं, पण त्याआधी ती चार घरी जाऊन आलेली असते. तुझ्या आईला अजून काही माहीत नाही आणि मी सांगणारही नाही. तिला काय सांगायचं ते तुझं तू ठरव. फोन केला असता तर ‘हो मावशी, हो मावशी’ करून तू मोकळा झाला असतास, म्हणून हे पत्र लिहिते आहे.

व्हिडिओत तू पीत नाहीस. हे मी आधीच मान्य करते, कारण तुझा पहिला बचाव तोच असणार. पिणारा तुझा रूममेट आहे. हॉस्टेलची गच्ची, मागे हिंगणा रोडचे दिवे, स्टीलचा मोठा ग्लास आणि त्यात पाणी न घालता ओतलेली अख्खी क्वार्टर. तो दोनदा थांबतो. दुसऱ्यांदा तर ग्लास खाली ठेवायला वाकतोसुद्धा. तेवढ्यात मोबाइलच्या मागून आवाज येतो, “अबे, थांबून काहून राह्यला? दम नाही का बे?” तो आवाज तुझा आहे. पोरगा ग्लास पुन्हा तोंडाला लावतो. मग तोंड पुसत तिघांची नावं घेतो, त्यांनी चोवीस तासांत हेच करून दाखवायचं म्हणतो, आणि सगळे हसतात. या पत्रात मला तुझ्या त्या एका वाक्याबद्दल बोलायचं आहे.

आधी ती क्वार्टर म्हणजे काय ते बघ. तुम्ही इंजिनिअरिंगची पोरं, म्हणून हिशेबानेच सांगते. आपल्याकडच्या व्हिस्की-रमच्या बाटलीवर ४२.८ टक्के असं छापलेलं असतं. १८० मिलीत सुमारे ७७ मिली निव्वळ अल्कोहोल, वजनाने साधारण ६० ग्रॅम. धडधाकट माणसाचं यकृत तासाला सात ते दहा ग्रॅमच्या आसपास निकाली काढतं. म्हणजे तुझ्या मित्राने अर्ध्या मिनिटात जे पोटात ओतलं, ते निस्तरायला शरीराला सहा ते नऊ तास लागतात. यकृताला घाई करता येत नाही. लिंबूपाणी, ताक, काळी कॉफी, डोक्यावर थंड पाण्याची बादली, यातल्या कशानेही त्याचा वेग वाढत नाही. हळूहळू पिणाऱ्याला शरीर वाटेत अडवतं. त्याला मळमळतं, जीभ जड होते, झोप येते. एका दमात घेतलं की हे इशारे मिळण्याआधीच सगळं पोटात गेलेलं असतं आणि रक्तातलं प्रमाण मग बराच वेळ चढत राहतं. पोरगा झोपला की सगळ्यांना हायसं वाटतं. खरी भीती तिथून सुरू होते. श्वास मंदावतो, साखर उतरते, अंग गार पडतं. घशात काही अडकलं तर खोकून बाहेर टाकण्याची शरीराची सोय बंद पडते, आणि उताणा झोपलेला माणूस स्वतःच्याच उलटीने गुदमरतो.

हे मी पुस्तकातलं सांगत नाही. कॅज्युअल्टीत किती रात्रपाळ्या केल्या ते तुला ठाऊक आहे. एकदा तुझ्याच वयाच्या मुलाला तिघा मित्रांनी ऑटोत घालून आणलं. ओठ निळसर, शर्टावर उलटी, आणि दोन श्वासांमधलं अंतर इतकं की पुढचा येतो की नाही म्हणून आम्ही त्याच्या छातीकडे बघत उभे. डॉक्टर विचारत होते, किती घेतली, कधी घेतली, सोबत गोळी वगैरे काही? मित्र म्हणत होते, “थोडीशीच घेतली, सर.” मी सलाइन आणायला बाहेर आले तर त्यांच्यातला एक जण बाकावर बसून मोबाइलमधला व्हिडिओ डिलीट करत होता. डॉक्टरांना हवी ती सगळी उत्तरं त्या व्हिडिओत होती. कुठली बाटली, किती, किती वाजता. मुलगा वाचला, पहाटे शुद्धीवर आला. पण माझ्या लक्षात राहिला तो डिलीट करणारा. वाईट नव्हता तो. ढसाढसा रडत होता. मित्रावर त्याचा जीव होता हेही दिसत होतं. पण घाबरल्यावर त्याच्या हाताने पहिलं काम केलं ते स्वतःला सोडवण्याचं. तुझा तो आवाज ऐकला तेव्हा मला त्याचाच चेहरा आठवला.

तुम्हाला हा खेळ नवा वाटत असेल. २०१४ च्या सुरुवातीला हाच खेळ ‘नेकनॉमिनेट’ नावाने ऑस्ट्रेलियातून आयर्लंड-इंग्लंडभर पसरला होता. नियम तोच. एका दमात पी, व्हिडिओ टाक, पुढच्यांची नावं घे, चोवीस तासांची मुदत. फेब्रुवारी उजाडला तोच आयर्लंडमधल्या कार्लो गावी १९ वर्षांचा एक मुलगा आव्हान पुरं करायला रात्री बॅरो नदीत उतरला आणि परत आलाच नाही. चीनमध्ये मे २०२३ मध्ये एका माणसाने लाइव्ह चालू असताना, हरल्याची शिक्षा म्हणून बायज्यू नावाच्या जहाल दारूच्या बाटल्या रिचवल्या. लाइव्ह संपलं आणि काही तासांत तोही संपला. आणि हे सगळं परदेशात, असं म्हणू नकोस. एप्रिल २०२५ मध्ये कर्नाटकातल्या कोलार जिल्ह्यात २१ वर्षांच्या तरुणाने दहा हजारांच्या पैजेपायी पाणी न घालता पाच बाटल्या प्यायचं ठरवलं आणि त्यातच त्याचा जीव गेला. घरी बायको आणि आठवडाभराचं बाळ होतं. तिथे पोलिसांनी पैज लावणाऱ्या मित्रांवरही गुन्हा दाखल केला. नुसत्या पिणाऱ्यापाशी गोष्ट थांबली नाही, हे नीट वाच.

वेणा जलाशय तर तुमच्या हॉस्टेलपासून गाडीने फार लांब नाही. ९ जुलै २०१७ चा रविवार आठवतो मला. अमरावती रोडला सहलीला गेलेल्या आपल्याच शहरातल्या पोरांची नाव उलटली, आठ जण गेले. नाव उलटण्याआधी तिच्यातून फेसबुक लाइव्ह चाललं होतं. हसणारे, हात हलवणारे ते चेहरे दुसऱ्या दिवशी नागपुरातल्या घराघरांत लोक बघत होते. त्या मुलांना मी बोल लावत नाही, त्यांच्या आईबापांनी पुरेसं सोसलं आहे. इथे मला मोबाइलची आठवण करून द्यायची आहे. कॅमेरा चालू झाला की माणसाचं लक्ष पाण्यावर राहत नाही, बघणाऱ्यांवर जातं. तुझ्या रूममेटचंही तसंच झालं. त्याचं शरीर त्याला थांब म्हणत होतं, तो थांबलाही होता. पण समोर कॅमेरा होता, आणि कॅमेऱ्यामागे तू.

अमेरिकेत टेंपल विद्यापीठात मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग या संशोधकांनी २००५ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. संगणकावर गाडी चालवायचा खेळ होता, सिग्नल पिवळा झाला की थांबायचं की धोका पत्करून पुढे जायचं ते खेळणाऱ्याने ठरवायचं. एकट्याने खेळताना पोरं आणि मोठी माणसं यांच्यात फारसा फरक पडला नाही. मित्र शेजारी बसून बघायला लागले तसा शाळकरी आणि कॉलेजच्या मुलांनी पत्करलेला धोका चांगलाच वाढला, मोठ्यांचा जवळपास होता तेवढाच राहिला. तुमच्या वयाला मित्राची नजर किती जड जाते ते यावरून समज. आणि तुम्ही तर शेजारी बसलेल्या दोघा-तिघांच्या जागी अडीचशे फॉलोअर आणून बसवता.

आता तुझा दुसरा बचाव. “तो एकोणीस वर्षांचा आहे मावशी, कुणी हात धरून पाजली नाही.” खरं आहे. पिण्याची जबाबदारी त्याची, ती मी त्याच्या अंगावरून काढून घेत नाही. पण तुझ्या वाक्याची जबाबदारी कुणाची? तो ग्लास खाली ठेवत होता. तुझ्याऐवजी दुसऱ्या कुणी “ठेव बे, बस झालं” म्हटलं असतं तर त्याने ठेवला असता. गच्चीवर दहा जण होते म्हणून प्रत्येकाच्या वाट्याला एक दशांश जबाबदारी येते असा हिशेब इथे चालत नाही. प्रत्येकाला ती पुरी येते. आणि त्या दहांत न प्यालेला, पूर्ण शुद्धीत असलेला तू होतास. मी पीत नाही हे तू अभिमानाने सांगतोस, मलाही त्याचा अभिमान आहे. पण मग शुद्धीवर असलेल्या माणसाचं काम तू करायला हवं होतंस.

कायद्याचं थोडक्यात सांगते. आपल्या राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा आजही लागू आहे. बिअर-वाइनला २१ पूर्ण आणि कडक दारूला २५ पूर्ण, शिवाय पिणाऱ्यापाशी परवाना हवा. त्या गच्चीवर एकालाही तो ग्लास हातात धरायचा हक्क नव्हता, आणि पुरावा तुम्हीच टॅग करून वाटला.

आपल्या गावात दोस्तीला फार किंमत आहे. सावजीच्या ताटावरून उठताना बिल कोण देणार यावर इथे भांडणं होतात, ते मला आवडतं. म्हणून तुला दोस्ती तोड असं मी सांगणार नाही. तू दहावीत असताना ट्यूशनबाहेरच्या तर्री-पोह्याच्या ठेल्यावर एका तोतऱ्या मुलाला चौघे चिडवत होते आणि तू मध्ये उभा राहिलास, हे त्याच्या आईने मला सांगितलं होतं. तेव्हा तुझ्यात जे होतं ते कुठे गेलेलं नाही. तुझ्या पदवीवर विद्यापीठाच्या नावात ज्यांचं नाव छापलं जाईल, ते तुकडोजी महाराज हातात खंजिरी घेऊन गावोगाव व्यसनाविरुद्ध गात फिरले. चार लोकांच्या गर्दीत उलट बोलणं किती कठीण असतं हे आपल्याला त्या गच्चीवर समजतं, ते तर ज्या गावात दारू गाळली जाते त्याच गावात उभे राहून बोलत होते.

नाही म्हणायला भाषण लागत नाही. “नाही घेत, भाऊ” एवढं बोलायचं आणि तिथेच बसून राहायचं, गप्पा मारायच्या. कारण देऊ नकोस. कारण दिलं की समोरचा ते खोडायला बसतो, उद्या पेपर आहे म्हटलं की पेपर कसा सोपा आहे ते सांगतो. आणि साखळी फिरवताही येते. २०१४ मध्येच दक्षिण आफ्रिकेतल्या ब्रेंट लिंडेक नावाच्या तरुणाला असंच नॉमिनेशन आलं. त्याने दारू प्यायच्या ऐवजी सिग्नलवर उभ्या असलेल्या एका गरजू माणसाला सँडविच आणि थंड पेय दिलं, त्याचा व्हिडिओ टाकला आणि पुढच्यांना तसंच काही करायला सांगितलं. ते जगभर पसरलं. तुमच्यापैकी कुणाला मेयो किंवा मेडिकल हॉस्पिटलात रक्त देऊन पुढच्याचं नाव घ्यावंसं वाटलं तर मी स्वतः सोबत येईन.

एवढं सांगूनही कधी तसली वेळ आलीच तर काय करायचं ते पाठ करून ठेव. पडलेल्याला हलव, हाक मार. जागा होत नसेल, श्वास मंद किंवा थांबून थांबून येत असेल, अंग गार लागत असेल, तर ‘झोपून उतरेल’ म्हणून वाट बघायची नाही. १०८ लावायचा. त्याला कुशीवर वळवायचं, वरचा गुडघा पुढे दुमडायचा म्हणजे तो उताणा होत नाही, तोंड किंचित खाली. बोटं घालून उलटी काढायची नाही, पाजायचं काही नाही. एक जण सतत जवळ. आणि डॉक्टरांना खरं सांगायचं, सगळं. कुणी रागावलं तर मला बोलव, मी येऊन ऐकून घेईन.

आता सगळ्यात घाईचं. तुझ्या रूममेटने नाव घेतलेल्या तिघांतला एक फर्स्ट इयरचा आहे, गडचिरोलीचा. त्याच्या जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे, आणि ती गावोगावच्या बायाबापड्यांनी लढून मिळवलेली आहे. त्या पोराने कदाचित आयुष्यात घोट घेतलेला नसेल, शरीराला सवय शून्य. तुम्ही सीनियर आहात. तुमच्या तोंडून आपलं नाव निघालं म्हणजे आपल्याला ग्रुपमध्ये घेतलं, असं त्याला वाटत असणार. हॉस्टेलमध्ये एकटं पडण्याच्या भीतीने असली मुलं काहीही करायला तयार होतात. त्याची मुदत आज रात्री दहाला संपते, म्हणून हे पत्र टपालात न टाकता शेजारच्या मुलाच्या हाती पाठवते आहे. वाचून झालं की मेसेज पाठवू नकोस, त्याच्या खोलीवर जा. चॅलेंज रद्द झालं, तुझं नाव घ्यायला नको होतं, असं तुझ्या तोंडाने सांग. मग त्याला मेसला सोबत घेऊन जा आणि जेवायला तुमच्या टेबलावर बसव.

तुझी,
मावशी