ब्रूडरची ऊब आणि घरगुती स्मार्ट उपकरणे
अहमदपूर परिसरातील कुक्कुटपालक व वायरमन बांधवांसाठी

एक दिवसाच्या पिल्लाच्या अंगावर नुसती लव असते, पिसे नसतात. शरीराची उष्णता स्वतः टिकवण्याची ताकद त्याला साधारण दोन आठवड्यांनंतर येऊ लागते. तोपर्यंत कोंबडीच्या पंखांचे काम ब्रूडरला करावे लागते. पहिल्या आठवड्यात पिल्लाच्या पाठीच्या उंचीवर सुमारे ३५ अंश सेल्सिअस, दुसऱ्यात ३२, तिसऱ्यात २९ असे दर आठवड्याला तीनेक अंशांनी तापमान उतरवत न्यावे, हा जुना आणि उपयोगी हिशेब आहे.

अहमदपूर, चाकूर, उदगीर, लोहा या पट्ट्यात डिसेंबर-जानेवारीत दुपारी ऊन तापते आणि पहाटे हुडहुडी भरते. संध्याकाळी बरोबर बसवलेला ब्रूडर पहाटे चार वाजता कमी पडतो, आणि नेमक्या त्याच वेळी माणूस गाढ झोपेत असतो. ईदच्या बाजारासाठी माल तयार करणाऱ्यांनी तर कॅलेंडर समोर ठेवावे. रमजान दरवर्षी सुमारे अकरा दिवस अलीकडे सरकतो. ईद-उल-फित्र २०२७ मध्ये मार्चच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास आणि २०२८ मध्ये फेब्रुवारीच्या अखेरीस येईल, चंद्रदर्शनाने एखादा दिवस इकडेतिकडे. ब्रॉयलरला चाळीसेक दिवस लागतात. म्हणजे या ईदेची पिल्ले भर जानेवारीच्या थंडीत शेडमध्ये येणार.

जानेवारी २०२५ मध्ये अहमदपूर तालुक्यातील ढाळेगाव येथे एका शेडमध्ये पाच-सहा दिवसांची सुमारे ४,२०० पिल्ले मेली. त्याच महिन्यात उदगीर शहरात मेलेल्या कावळ्यांमध्ये बर्ड फ्लू आढळला होता, त्यामुळे साऱ्या तालुक्यात धास्ती पसरली आणि नमुने पुण्याला औंधच्या प्रयोगशाळेकडे गेले. या घटनेनंतर प्रत्येक पालकाने स्वतःला विचारावे: उद्या माझ्या शेडमध्ये पिल्ले मेली, तर गारठा लागला की रोग आला हे मी डॉक्टरांना कशाच्या आधारे सांगणार? "रात्री बल्ब चालू होते" एवढ्याने भागत नाही. गेल्या तीन रात्रींचे तापमान तासातासाने नोंदलेले असेल, तर डॉक्टरांचे निम्मे काम सोपे होते. मरतूक अचानक वाढली तर पशुसंवर्धन विभागाला कळवणे टाळू नये. बर्ड फ्लूसारख्या अधिसूचित रोगाची शंका आल्यास खबर देणे २००९ च्या केंद्रीय कायद्याने मालकाचे कर्तव्यच आहे.

अशी नोंद ठेवणारी उपकरणे आता घरगुती वापरासाठी बाजारात आली आहेत. वाय-फाय प्लग, मोबाईलवर तापमान दाखवणारा सेन्सर, धोक्याची सूचना देणारे ॲप, हे सर्व मिळून एका साध्या मोबाईलच्या किमतीपेक्षा कमीत बसते. मात्र ही उपकरणे दिवाणखान्यासाठी बनवलेली आहेत, कोंबडीच्या शेडसाठी नव्हेत, हे ध्यानात ठेवूनच ती लावावीत.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे बल्ब चालू-बंद करण्याचे काम मोबाईल ॲपवर सोपवणे. बऱ्याच स्वस्त प्लगांत "तापमान ३४ झाले की चालू कर" हा हुकूम इंटरनेटवरून, दूरच्या सर्व्हरवरून येतो. नेट गेले की हुकूम थांबला. बल्ब बंद असेल तर बंदच राहिला. म्हणून चालू-बंदचे काम शेडमधल्याच साध्या तापमान नियंत्रकाकडे द्यावे. एस.टी.सी. १००० या नावाने मिळणारा किंवा तशाच जातीचा डबा काही शे रुपयांत येतो आणि त्याला नेट लागत नाही. ३५ अंश आणि एक अंशाचा फरक बसवला की ३४ ला बल्ब लागतात, ३५ ला विझतात. वाय-फाय सेन्सरने फक्त पहारा करावा: नोंद ठेवावी आणि पारा ३१ च्या खाली किंवा ३७ च्या वर गेला की फोन वाजवावा.

सेन्सर कोठे टांगायचा यावर निम्मे यश अवलंबून आहे. बल्बच्या बरोबर खाली टांगला तर तो चाळीस दाखवेल आणि कडेची पिल्ले गारठतील. भिंतीवर माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर लावला तर तो माणसाची हवा मोजेल. ब्रूडरच्या कडेला, तुसाच्या वर दोन-तीन इंच, पिल्ले चोच मारणार नाहीत अशा जाळीत तो ठेवावा. शेजारी साधा थर्मामीटर ठेवून दोन्ही आकडे ताडून पाहावेत. तरीही शेवटचा शब्द पिल्लांचा. ती बल्बखाली ढीग करून चिवचिवत असतील तर थंडी आहे, कडेला पळून चोच उघडून धापा टाकत असतील तर उकाडा आहे, एकाच बाजूला दाटली असतील तर कोठून तरी वारा येतो आहे. सगळीकडे पसरून दाणा टिपत असतील तर आकडा काहीही असो, हात लावू नये.

बल्ब, भार आणि वीज

पिल्लामागे दोन वॉट धरले तर हजार पिल्लांना २,००० वॉट लागतात. हा भार एकाच दहा अँपिअरच्या प्लगवर रात्रभर टाकणे म्हणजे प्लास्टिक वितळण्याची वाट पाहणे. नियंत्रकाच्या मागे कॉन्टॅक्टर लावावा आणि बल्ब दोन सर्किटांत विभागावेत. यात आणखी एक फायदा आहे. सगळे बल्ब एकदम विझले की अंधार होतो, पिल्ले घाबरून एकमेकांवर चढतात आणि खालची गुदमरतात. म्हणून निम्मे बल्ब कायम चालू आणि निम्मे नियंत्रकावर ठेवावेत. दुपारी कायमचे बल्बही हाताने बंद करावे लागतील, तेव्हा एक लहान एल.ई.डी. दिवा वेगळा ठेवावा. बल्ब वायरवर न टांगता साखळीवर टांगावेत; तूस पेटायला वेळ लागत नाही.

वीज गेली तर? दोन हजार वॉट घरच्या इन्व्हर्टरवर चालत नाहीत. तेथे गॅस ब्रूडर किंवा कोळशाची शेगडीच कामाला येते, आणि शेगडी असेल तर वरून हवा जायला जागा हवीच, नाहीतर धुराचा विषारी वायू पिल्लांना आणि राखणदारालाही मारतो. राखणदाराला वेळेवर उठवणे एवढेच उपकरणाचे काम. पण वीज जाताच राउटरही बंद पडतो आणि फोन गप्प राहतो. मालक समजतो, सर्व ठीक आहे. यासाठी राउटर व सेन्सर छोट्या यू.पी.एस.वर ठेवावेत. शिवाय कित्येक वाय-फाय प्लग वीज परत आल्यावर बंदच राहतात. ॲपमध्ये "वीज आल्यावर चालू" अशी निवड असते, ती पहिल्याच दिवशी करून ठेवावी.

शेतातल्या शेडवर वाय-फाय नसेल तर सिमकार्डावर चालणारे, वीज गेली किंवा तापमान घसरले की फोन करणारे यंत्र अधिक भरवशाचे. आपल्या शेतकऱ्यांना ही कल्पना नवीन नाही. पुण्याचे अभियंते संतोष ओस्तवाल यांच्या "नॅनो गणेश"ने विहिरीवरचा पंप मोबाईलवरून चालू-बंद करणे खेड्यात नेले, त्याला २००९ मध्ये नोकिया कंपनीच्या स्पर्धेत पुरस्कारही मिळाला. मोबाईल स्टार्टर बसवणारा कारागीर ब्रूडरचा पहाराही बसवू शकतो.

मोटार रिवाइंडिंग आणि वायरिंग करणाऱ्या तरुणांनी म्हणूनच या कामाकडे धंदा म्हणून पाहावे. कंपनीच्या करारावर पक्षी वाढवणाऱ्याचा मोबदला वजन, खाद्याचा खप आणि मरतूक पाहून ठरतो, तेव्हा पहिल्या आठवड्यातले नुकसान त्याला थेट खिशात लागते. नियंत्रक, कॉन्टॅक्टर, दोन सर्किटे आणि सेन्सर एका पत्र्याच्या बंद डब्यात बसवून द्यावेत, कारण शेडमधली धूळ आणि अमोनिया उघड्या यंत्राला फार दिवस टिकू देत नाहीत. बसवण्याच्या मजुरीशिवाय दर बॅचच्या आधी एक तपासणी ठरवून घ्यावी.

ती तपासणी पिल्ले येण्याच्या आदल्या दिवशी करावी. ब्रूडर तसाही २४ तास आधी तापवायचा असतो. रात्री मेन स्विच पाडावा आणि मालकाने घरी फोन उशाशी ठेवून थांबावे. पंधरा मिनिटांत फोन वाजला नाही तर दोष शोधायला अख्खी रात्र हातात असते.