पाय वाचविणारी विद्या

मुंबईहून नाशिककडे निघालेली आगगाडी कसारा घाट चढून इगतपुरी मागे टाकते, तोच घोटी हे गाव लागते. भोवती भाताची खाचरे, गावात भाताच्या गिरण्या आणि पलीकडे कळसूबाईचे शिखर, असा हा पावसाळी मुलूख आहे. येथील मुले डोंगर चढतात, लावणीच्या दिवसांत चिखलात राबतात, कबड्डी व खो-खो खेळतात. पडणे, खरचटणे, गुडघा दुखावणे हे त्यांना नवे नाही. असले दुखणे चार-आठ दिवसांत बरे होते. परंतु क्वचित एखाद्या मुलाचा गुडघा दुखतच राहतो, रात्री ठणकतो आणि त्याची सूज उतरण्याऐवजी वाढत जाते. असे दुखणे दोन-तीन आठवडे टिकले, तर ते साधे समजून चालत नाही.

हाडे, स्नायू, चरबी यांसारख्या शरीराला आधार देणाऱ्या भागांत जो कर्करोग होतो, त्यास सार्कोमा म्हणतात. 'मांस' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून हे नाव पडले आहे. आपल्याकडे सुश्रुतानेही गाठींच्या प्रकारांत 'मांसार्बुद' असा एक प्रकार सांगितला आहे. मोठ्या माणसांना होणाऱ्या शंभर कर्करोगांत सार्कोमा जेमतेम एक असतो. मुलांत त्याचे प्रमाण अधिक आढळते. त्यांतील हाडाचा सार्कोमा बहुधा दहा ते वीस वर्षांच्या वयात, म्हणजे हाडे झपाट्याने वाढत असताना होतो. मांडीच्या हाडाचे खालचे टोक आणि नडगीचे वरचे टोक या त्याच्या नेहमीच्या जागा होत. तो संसर्गाने पसरत नाही. मार लागल्यानेही तो होत नाही; मार लागल्यामुळे त्या जागेकडे लक्ष जाते, एवढेच.

पूर्वी या रोगावर पाय कापून टाकणे हाच उपाय होता. तरीही पाचांपैकी सुमारे चार रुग्ण दगावत. कारण शस्त्रक्रियेपूर्वीच रोगपेशी रक्तावाटे फुप्फुसांत पोहोचलेल्या असत. १९७० नंतरच्या दशकात शस्त्रक्रियेला औषधांची जोड मिळाली. ही औषधे रक्तातून सर्व शरीरात फिरून दडलेल्या रोगपेशींचा नाश करतात. त्यामुळे अनेकांचे प्राण वाचू लागले.

या संशोधनाचे मोल एका कॅनेडियन तरुणाने जगाला पटवून दिले. त्याचे नाव टेरी फॉक्स. १९७७ साली, अठरा वर्षांचा असताना, हाडाच्या सार्कोमामुळे त्याचा उजवा पाय गुडघ्याच्या वर कापावा लागला. नव्या औषधांमुळे जगण्याची आशा निम्मी आहे, आणि दोनच वर्षांपूर्वी ती शंभरांत पंधरा एवढीच होती, असे त्याला समजले. दोन वर्षांच्या संशोधनाने एवढा फरक पडतो, तर ते संशोधन थांबता कामा नये, असे त्याच्या मनाने घेतले. १२ एप्रिल १९८० रोजी कृत्रिम पाय लावून तो कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरून धावत निघाला. प्रत्येक देशबांधवाकडून एक डॉलर मिळवावा, हा त्याचा संकल्प होता. १४३ दिवसांत तो ५,३७३ किलोमीटर धावला. मग रोग फुप्फुसांत पसरल्याने त्याला थांबावे लागले. २८ जून १९८१ रोजी त्याचे निधन झाले. परंतु तत्पूर्वीच त्याचा संकल्प पुरा झाला होता. त्याच्या नावाच्या दौडीत पुढे मुंबईकरही धावले.

मुंबईत परळ येथे २८ फेब्रुवारी १९४१ रोजी टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले. रोगाचा सूक्ष्म तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहून निदान करणारे थोर संशोधक डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी तेथे आरंभीच्या काळात कार्य केले. या रुग्णालयाने सार्कोमावरील उपचार आपल्या देशाला परवडतील असे करण्याचा ध्यास घेतला. परदेशांत वापरले जाणारे एक औषध दिल्यावर रक्तातील त्याचे प्रमाण वारंवार मोजावे लागते. तशी सोय सर्वत्र नसते. म्हणून येथील डॉक्टरांनी ते वगळून इतर तीन औषधांचा क्रम बसविला, आणि त्याचे फळ चांगले आले.

आज बहुतेक रुग्णांचा पाय कापावा लागत नाही. प्रथम औषधे देतात. मग हाडाचा रोगट भाग तेवढा काढून त्या जागी धातूचा सांधा बसवितात. परदेशी सांधा फार महाग पडे. म्हणून शल्यविशारदांनी भारतीय अभियंत्यांच्या साहाय्याने असे सांधे येथेच घडविले. काही वेळा काढलेल्या हाडावर तीव्र किरण सोडून त्यातील रोगपेशी मारतात आणि तेच हाड पुन्हा जागी बसवितात. रोग पसरण्यापूर्वी ओळखला गेला आणि उपचार पुरे झाले, तर दहांपैकी सहा-सात रुग्ण बरे होतात.

परंतु उपचार पुरे होणे, हेच पुष्कळदा अवघड असते. ते कित्येक महिने चालतात. तेवढे दिवस खेड्यातील कुटुंबाने मुंबईत राहावे कोठे? संत गाडगे महाराजांच्या नावाने चालणारी दादरची धर्मशाळा अशा रुग्णांना आसरा देते. सेंट ज्यूड या संस्थेने २००६ पासून आजारी मुलांसाठी व त्यांच्या आईवडिलांसाठी विनामूल्य निवासाची सोय केली आहे. शासनाच्या महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजनेतून उपचारांस साहाय्य मिळते. १९५१ साली स्थापन झालेल्या इंडियन कॅन्सर सोसायटीच्या छायेत, बालपणी कर्करोगातून बरे झालेल्यांनी २००९ साली 'उगम' हा गट उभारला. 'आम्ही बरे झालो, तूही होशील,' असे त्यांनी सांगितले म्हणजे घाबरलेल्या मुलाला जो धीर येतो, तो दुसऱ्या कोणाच्या शब्दांनी येत नाही.

या कार्यात विद्यार्थ्यांचाही वाटा आहे. बरे न होणारे दुखणे शाळा बुडेल किंवा खेळ थांबेल या भीतीने लपवू नये, वडीलधाऱ्यांस सांगावे. सुजलेला गुडघा चोळून घेण्यात दिवस घालवू नयेत. डॉक्टरांना दाखवून क्ष-किरण चित्र काढून घ्यावे. आणि केस गळालेला, कुबडी घेतलेला एखादा सोबती दीर्घ उपचारांनंतर वर्गात परत आला, तर त्याच्यापासून दूर सरकू नये. आपल्या बाकावर त्याला जागा करून द्यावी. डॉक्टर पाय वाचवितात. त्या पायाने पुन्हा शाळेची वाट चालण्याचे बळ सोबत्यांनीच द्यावयाचे असते.

स्वाध्याय

१. सार्कोमा म्हणजे काय? हाडाचा सार्कोमा बहुधा कोणत्या वयात व कोठे होतो?
२. केवळ पाय कापूनही पूर्वी बहुतेक रुग्ण का वाचत नसत?
३. टेरी फॉक्सने धावण्याचा संकल्प का केला?
४. खेड्यातील कुटुंबाला उपचार पुरे करताना कोणत्या अडचणी येतात? त्या दूर करण्यास कोणाचे साहाय्य होते?
५. दीर्घ आजारानंतर शाळेत परतणाऱ्या मित्रास पत्र लिहा.