नोगो आत गेलं, पण कोणतं?

'तुमच्याकडे क्वालिटी सिस्टीमच नाही,' असं आम्हाला सुनावणाऱ्या साहेबांच्या टेबलावरचं ड्रॉइंग एक आणि त्यांच्याच परचेसने आम्हाला दिलेलं दुसरं. तरीही माल आमचा नापास, डेबिट नोट आमच्या नावावर, आणि सप्लायर रेटिंगमधला लाल शेराही आमच्याच नावापुढे. थोडं मन मोकळं करायला लिहितोय, हे कबूल. पण शिरोली असो की भोसरी, दोन-चार सीएनसी टाकून बसलेल्या कुणावरही ही वेळ येऊ शकते.

जॉब जुनाच. कास्टिंगचं हाउसिंग, 50 एच7 चा बोअर. म्हणजे 50.000 ते 50.025, पंचवीस मायक्रॉनची जागा. आमचा सेटर शिफ्टचा पहिला पीस बोअर गेजने बघून रीडिंग लिहितो आणि मगच मशीन ऑपरेटरच्या ताब्यात देतो. बोअर 50.020 च्या आसपास ठेवायचो, कारण तिथे बेअरिंग विनातक्रार बसतं हे त्यांच्याच असेंब्लीतल्या पोरांनी सांगितलेलं. वर्षानुवर्षं असाच माल गेला.

मग एके दिवशी फोन : अख्खा लॉट ओव्हरसाइज, लाइन उभी आहे, ताबडतोब या. कोल्हापूरहून चाकण गाठलं. इन्कमिंगच्या टेबलावर आमचे पीस लाल क्रेटमध्ये. क्यूएच्या मुलाने माझ्यासमोर नोगो प्लग लावला, तो सरळ आत गेला. 'बघा,' म्हणाला. मी गेज हातात मागून घेतलं. दांड्यावर कोरलं होतं, 50 एच6. ते वाचलं आणि रस्ताभर पोटात पडलेला गोळा विरला; त्याच्या जागी संताप आला. एच6 म्हणजे वरची हद्द 50.016. आमचा एच7 चा चांगला पीस त्या गेजवर नापास होणारच!

ड्रॉइंग दाखवा म्हटलं. दाखवलं, रिव्हिजन सी. आमच्या पीओवर रिव्हिजन बी. 'बदलाचा मेल सगळ्यांना गेलाय,' असं उत्तर. मेल उघडायला लावला, तर त्यात त्यांचंच डिझाइन, त्यांचंच प्रॉडक्शन. सप्लायर एकही नाही. साहेबांनी लॅपटॉप मिटला आणि म्हणाले, परचेसशी बोला. परचेस म्हणालं, क्वालिटीशी बोला. वर 'सप्लायरने अपडेट राहायला नको का?' हे आहेच.

एवढ्यावर भागलं नाही. एट-डी (8D) रिपोर्ट मागितला. मूळ कारणाच्या रकान्यात आम्ही खरं ते लिहिलं, की बदललेलं ड्रॉइंग मिळालेलं नाही. तो रिपोर्ट परत आला. 'ऑपरेटरला ट्रेनिंग दिलं' असं काहीतरी लिहा, म्हणजे क्लोज करता येईल, असा तोंडी निरोप. माझा ऑपरेटर का म्हणून? नाही लिहिलं.

म्हणून सांगतो, पीओवर ड्रॉइंग नंबर रिव्हिजनसकट लिहून घ्या, आणि चलान व तपासणी रिपोर्टवर तो तसाच छापा. आम्ही वाचलो ते याच सवयीने. भिंतीवरच्या आयएसओ सर्टिफिकेटचा त्या टेबलावर काडीचा उपयोग झाला नाही. उपयोग झाला तो मानकातल्या मजकुराचा. आयएसओ 9001:2015 चं कलम 8.4.3 वाचून ठेवा. सप्लायरला नेमकं काय हवं ते नीट ठरवून कळवण्याची जबाबदारी तिथे गिऱ्हाइकावर टाकलेली आहे. सर्टिफिकेट त्यांच्याही भिंतीवर असतंच.

एच7 च्या दरात एच6 देऊ नका. मधले नऊ मायक्रॉन फुकट येत नाहीत. एक जादा फिनिश कट, इन्सर्ट लवकर बदलणं, तपासणी दुप्पट. मशीनवरून उतरलेला गरम पीसही लगेच मापू नका. कास्टिंग गेजपेक्षा पंधरा अंशांनी गरम असेल, तर 50 च्या बोअरमध्ये सात-आठ मायक्रॉनचा फरक दिसतो. एच6 ला ती निम्मी हद्द झाली. बाकी कॅलिब्रेशन वेळेवर करा, रेकॉर्ड ठेवा, वगैरे सगळ्यांना ठाऊक आहे.

उद्यम नोंदणी आधीच करून ठेवा. 2006 च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे माल पोचल्यापासून पंधरा दिवसांत गिऱ्हाइकाने लेखी हरकत घेतली नाही, तर तो स्वीकारला असं धरतात, आणि पेमेंट जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत द्यावं लागतं. उशीर झाला तर बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढीने. आमचा माल त्यांच्या स्टोअरला पोचून महिना उलटून गेला होता. पण निम्म्याहून जास्त धंदा ज्याच्याकडून येतो त्याच्याविरुद्ध या कायद्याखालच्या फॅसिलिटेशन कौन्सिलकडे कोण जाणार? एका गिऱ्हाइकावर विसंबू नका म्हणतात. म्हणणाऱ्यांनी शिरोलीत येऊन मशीनचे हप्ते भरून दाखवावेत.

डेबिट नोटमधले सॉर्टिंगचे पैसे त्यांनी शेवटी सोडले. लाइन थांबल्याची रक्कम मात्र दुसऱ्याच जॉबच्या बिलातून कापली, ती अजून अडकलेली आहे. आणि तो ओव्हरसाइज लॉट? डेव्हिएशन काढून सगळाच्या सगळा लाइनवर चढवला. त्या डेव्हिएशनची प्रत मागितली, तर म्हणतात, 'ते इंटर्नल आहे.' तुमच्यावर असा प्रसंग आला, तर ती प्रत हातात पडेपर्यंत डेबिट नोटवर सही करू नका.