आधी उजेड, मग कॅमेरा

स्टुडिओ काढायचं ठरवलंस आणि तेव्हापासून तुझी झोप उडालीय, हो ना गं? गाळ्याचं डिपॉझिट, कॅमेऱ्याची किंमत, घरच्यांचे प्रश्न, आणि वर ‘हल्ली सगळ्यांच्या हातात मोबाईल आहे, तुझ्याकडे कोण येणार?’ हे रोज कुणीतरी ऐकवणार. बघ, त्याचं उत्तर सोपं आहे. मोबाईल सगळ्यांकडे आहे, पण अर्जाच्या मापाचा, कानामागे सावली न पडलेला फोटो सगळ्यांना काढता येत नाही. स्थळासाठी द्यायचा फोटो, सहा महिन्यांचं बाळ, डोहाळजेवणाची साडी, बचतगटाच्या मसाल्याचं पाकीट, या कामांना माणसं अजूनही जाणत्या हाताकडेच येतात. तेव्हा ही काळजी पहिली सोडून दे.

दुसरी काळजी पैशांची, आणि ती खरी आहे. तिच्यासाठी एकच नियम सांगते. कुठलीही वस्तू घेण्याआधी स्वतःला विचार, ‘ही कुठल्या कामातून पैसे परत देणार?’ उत्तर आलं नाही, तर ती वस्तू दुकानातच राहू दे. खरं सांगू का, छोट्या स्टुडिओचा गळा आवळतात ते हप्ते. म्हणून आधी कामं ठरव, मग सामान.

सुरुवात खोलीपासून कर. टेप घेऊनच गाळा बघायला जा, ‘मोठा वाटतोय’ यावर विसंबू नकोस. क्रॉप सेन्सरच्या कॅमेऱ्याला ५० एमएमची लेन्स लावलीस, तर उभा माणूस डोक्यापासून पायापर्यंत घ्यायला साधारण १४ फूट मागे जावं लागतं. माणसाच्या मागे पडद्यापर्यंत निदान ४ फूट हवेत, नाहीतर सावली पडद्यावर उमटते. तुला उभं राहायला आणखी २ फूट. झाले २० फूट. ३५ एमएमच्या लेन्सने तेच काम १६ फुटांत होतं. मग १० बाय १२ ची खोली वाईट का? मुळीच नाही. तिथे अर्धे फोटो, पासपोर्ट, लहान मुलं, वस्तूंचे फोटो छान होतात. फक्त ‘फॅमिली ग्रुप काढून मिळेल’ अशी पाटी तिथे लावू नकोस.

छत १० फूट असेल तर उत्तम, कारण दिवा माणसाच्या डोक्याच्या वर न्यावा लागतो. भिंती पांढऱ्या किंवा फिक्या करड्याच ठेव. पोपटी भिंत दिसते गोड, पण तिच्यावरून परतलेला उजेड नवरीच्या गालावर हिरवट छटा सोडतो. आणि एक कोपरा पडदा लावून कपडे बदलायला दे. आत आरसा, खुंटी, पिना, कंगवा आणि टिकल्यांचं पाकीट ठेव. खर्च अगदी किरकोळ, पण त्या कोपऱ्यामुळे बायका निवांत होतात, आणि निवांतपणा चेहऱ्यावर दिसतो.

आता उजेड. फोटो उजेडाने होतो गं, त्यामुळे कॅमेऱ्यासाठी जमवलेल्या पैशातला भाग आधी इथे घाल. उत्तरेकडे खिडकी मिळाली तर सोन्याहून पिवळं, कारण तिथून थेट ऊन फारसं येत नाही. खिडकीला पांढरं पातळ सुती कापड लाव आणि समोरच्या बाजूला पांढरा सनबोर्ड उभा कर, म्हणजे सावलीची बाजू उजळेल. खिडकी नसेल, किंवा संध्याकाळी काम करायचं असेल, तर एक स्पीडलाइट, एक ट्रिगर, एक स्टँड आणि एक पांढरी छत्री एवढ्यावर स्टुडिओ उघडतो. सॉफ्टबॉक्स आणि दुसरा दिवा पहिल्या सीझनच्या कमाईतून घे.

एक गोष्ट मात्र पाठ कर. दिवा माणसापासून दुप्पट अंतरावर नेला की उजेड चौथा हिस्साच उरतो. म्हणून दिवा अर्धा फूट सरकवला तरी फरक पडतो, आणि म्हणूनच जमिनीवर रंगीत चिकटपट्टीने खुणा करून ठेवायच्या. गिऱ्हाईक कुठे बसणार, दिवा कुठे, तू कुठे. आयएसओ १००, शटर १/१२५ आणि ॲपर्चर एफ/८ वर कॅमेरा ठेव, फ्लॅशची ताकद कमी-जास्त करून बघ, आणि जमलेला आकडा कागदावर लिहून भिंतीला लाव. खिडकीच्या उजेडात काम करताना खोलीतली ट्यूब बंद कर. दोन जातींचे उजेड एका चेहऱ्यावर आले की रंग सुधारता सुधारता रात्र होते. आणि स्टँडच्या पायावर वाळूची पिशवी ठेवायचीच. लहान मुलं पळतात, वायरीत पाय अडकतात.

कॅमेरा जुना घेतलास तरी चालेल, खुशाल घे. मुंबईत फोर्टच्या बोरा बाजारात वापरलेले कॅमेरे मिळतात. घेताना शटर काउंट विचार. सुरुवातीच्या दर्जाच्या बऱ्याच डीएसएलआरचं शटर साधारण १ लाख क्लिकच्या हिशेबाने बनवलेलं असतं, त्यातले किती झाले ते कळायला हवं. लेन्समधून टॉर्च मारून बघ, आत कोळ्याच्या जाळ्यासारखी नक्षी दिसली तर ती बुरशी आहे, ती लेन्स परत ठेव. तुझी पहिली लेन्स ५० एमएम एफ/१.८ असू दे. स्वस्त, हलकी, आणि चेहऱ्यासाठी छान.

कोकणात असशील तर पावसाळ्याची तयारी मे महिन्यातच कर. हवाबंद डबा, त्यात सिलिका जेल, आणि जेलचा रंग बदलला की गरम करून परत वापर. सामान जमिनीवर कधीच ठेवू नकोस. जुलै २०२१ मध्ये चिपळूणच्या बाजारपेठेत वाशिष्ठीचं पाणी दुकानादुकानांत शिरलं होतं, हे विसरू नकोस. हार्ड डिस्क तर दोन हव्यातच, एक दुकानात आणि एक घरी. दोन्हीकडे फोटो उतरल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करायचं नाही. बारशाचा दिवस परत येत नाही.

आता रोजची भाकरी देणारं काम, म्हणजे अर्जांचे फोटो. त्याला कमी लेखू नकोस हं. ४ बाय ६ इंचाच्या एका कागदावर ३५ बाय ४५ मिलिमीटरचे ८ फोटो बसतात. पॅनच्या कागदी अर्जाला २.५ बाय ३.५ सेंटिमीटर लागतो, अमेरिकेच्या व्हिसाला २ बाय २ इंच आणि पांढरं बॅकग्राउंड. ही मापं साच्यात तयार ठेव. परीक्षांच्या ऑनलाइन अर्जात बऱ्याचदा २० ते ५० केबीची मर्यादा असते, पोरं तिथेच अडकतात. त्यांना बरोबर केबीची फाइल करून दे, आणि व्हॉट्सॲपवर पाठवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठव, म्हणजे फोटो आवळला जात नाही. आज अर्जासाठी आलेली मुलगी उद्या लग्न ठरलं की तुझ्याकडेच येईल.

दर ठरवताना तुझा जीव खालीवर होणार, मला माहीत आहे. म्हणून मनाने ठरवू नकोस, कागदावर ठरव. समजा भाडं ६,०००, वीज १,५००, हप्ता ३,५०० आणि दुरुस्तीसाठी बाजूला १,०००. झाले १२,०००. महिन्याचे २५ दिवस धरलेस तर रोजचे ४८० रुपये दुकानाचे. त्यात तुझा पगार मिळव. तोही १२,००० धरलास तर आकडा ९६० झाला. शाई आणि कागद वेगळे. तुझा पगार शेवटी उरलं तर घ्यायचा, असं मुळीच करायचं नाही. एक तास फोटो काढायला लागला तर निवड आणि एडिटिंगचे दोन तास त्याच्याच दरात धर. किती फोटो एडिट करून देणार ते आधी सांग, दरफलक भिंतीवर लाव, आणि बुकिंगला निम्मी रक्कम घे. नात्यातल्यांना सूट दे, पण फुकट देऊ नकोस. फलक बघितला की चुलत सासूबाईसुद्धा घासाघीस कमी करतात!

कागदपत्रांना घाबरू नकोस बघ. महाराष्ट्रात २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याखाली मोजकीच माणसं असलेल्या छोट्या दुकानाला ऑनलाइन सूचना देऊन पावती घेता येते. उद्यम नोंदणी मोफत आहे, त्यासाठी एजंटला पैसे देऊ नकोस. कर्ज लागलंच तर मुद्रा योजनेच्या शिशु गटात ५०,००० पर्यंत आणि किशोर गटात ५ लाखांपर्यंत तारण न ठेवता मिळतं. पण वरचा नियम लक्षात ठेव, मंजूर होईल तेवढं नाही, कामातून फेडता येईल तेवढंच घ्यायचं. सेवेच्या धंद्यात वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर साधारणपणे जीएसटीची नोंदणी लागत नाही.

आणि हे नीट ऐक. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ प्रमाणे, वेगळा करार नसेल तर पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक पैसे देणारं गिऱ्हाईक असतं. म्हणून कुणाचाही फोटो शोकेसमध्ये किंवा इन्स्टाग्रामवर लावायचा असेल तर पावतीवरच एक ओळ छापून सही घे. लहान मुलांच्या बाबतीत आईवडिलांची. नाही म्हणाले तर हसून ‘बरं’ म्हण.

तुझं बाई असणं हे तुझं भांडवल आहे. राजा दीनदयाळ यांनी १८९२ मध्ये हैदराबादला पडदानशीन बायकांसाठी जनाना स्टुडिओ काढला आणि तिथे फोटो काढायला बाई नेमली होती. ती गरज अजून संपलेली नाही. बाळाला दूध पाजून परत फोटोला बसणारी आई, स्थळाच्या फोटोसाठी अवघडून आलेली मुलगी, पहिल्यांदाच एकटीचा फोटो काढून घेणारी आजी, या तुझ्यासमोर जशा मोकळ्या होतील तशा दुसरीकडे होणार नाहीत.

वर्षाचं गणितही मांडून ठेव. जूनमध्ये शाळा-कॉलेजचे अर्ज, तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई, संक्रांतीला बोरन्हाण, दिवाळीआधी फराळ आणि साड्यांचे फोटो. चातुर्मासात लग्नांचं काम आटतं, त्या महिन्यांचं भाडं आधीच बाजूला काढून ठेव. आणि रिकामे दिवस बचतगटाच्या बायकांना दे, त्यांना पाकिटांचे चांगले फोटो हवेच असतात.

एवढं सगळं ऐकून दमलीस ना? पण यातलं एकही काम तुला न जमणारं नाही गं. घरखर्च, पाहुणे, मुलांच्या परीक्षा तू सांभाळतेसच, हे त्याहून अवघड नाही. आज एवढंच कर. वही काढ, पहिल्या तीन महिन्यांत कुठली कामं घेणार ती लिही, आणि त्यांना लागतं तेवढंच सामान त्यांच्यासमोर मांड. यादी एका पानात बसली की गाळा बघायला बाहेर पड. टेप बरोबर घे.