पत्र्याचं घर थंड ठेवायचं कसं?

ताईंनो, एप्रिल-मे महिन्यात भरदुपारी पत्र्याखाली बसवत नाही. पण आपली शिलाई, पापड, स्वयंपाक, घरातली बाळंतीण आणि लेकरू, सगळं त्याच पत्र्याखाली. मग गटातून कर्ज काढून कूलर घेतला जातो. वीज गेली की तो बंद, आणि बिल मात्र चालूच. म्हणून कर्जाची मागणी करण्याआधी छपराकडे बघा.

उष्णता आत येते कशी?
उन्हाने पत्रा तव्यासारखा तापतो आणि धग खाली सोडतो. गरम हवा वर जाऊन छपराखाली कोंडते. नुसता पंखा लावला तर तीच हवा अंगावर येते. म्हणून कामं तीन, आणि ती याच क्रमाने करावीत.

१. ऊन परतवा. पत्र्याला ऊन परतवणारा पांढरा रंग द्या. आधी गंज घासून काढा, पत्रा धुऊन वाळू द्या, मग दोन हात मारा. स्लॅबला चुना चालतो. पत्र्यावर तो टिकत नाही, पावसात धुऊन जातो. रंगावर धूळ बसली की गुण कमी होतो, म्हणून दर उन्हाळ्याआधी छप्पर धुवा. अहमदाबाद शहराने २०१३ साली उष्णतेपासून बचावाचा आराखडा केला. पुढे तिथल्या गरीब वस्त्यांची छपरंही पांढरी रंगवली गेली.

रंगाला पैसे नसतील तर पत्र्याच्या हातभर वर बांबूचा मांडव करून शेडनेट बांधा.

२. धग अडवा. पत्र्याखाली वीतभर जागा सोडून बांबूच्या तट्ट्यांचं छत करा. चुलीच्या वर मात्र तट्टी नको. थर्माकोल स्वस्त पडतो, पण पेटला तर विषारी धूर होतो. तो टाळा.

३. गरम हवेला वाट द्या. आढ्याजवळ समोरासमोर दोन झरोके ठेवा. उंदीर, साप येऊ नयेत म्हणून बारीक जाळी लावा.

सांभाळा! सिमेंटच्या पत्र्यावर थेट पाय देऊ नका, तो अचानक फुटतो. जुन्या सिमेंट पत्र्यात ॲस्बेस्टॉस असतं. तो घासू, कापू किंवा फोडू नका. त्याची धूळ फुप्फुसाला घातक आहे. अशा घराला मांडवच बरा.

हिशोब असा करा
छप्पर १५ फूट रुंद आणि २० फूट लांब असेल तर ३०० चौरस फूट. दोन हातांसाठी ६०० धरा. पत्रा नालीदार असल्याने रंग थोडा जास्त लागतो. एका लिटरमध्ये किती फूट होतं ते डब्यावर वाचा, मगच दुकानदाराशी बोला. पाच-सहा जणींनी मिळून घेतलं तर भाव करता येतो.

बैठकीत चर्चेसाठी
• आपल्या गटात पत्र्याची घरं किती? सिमेंट पत्र्याची किती?
• कोणाच्या घरी तान्हं बाळ, गरोदर बाई किंवा म्हातारं माणूस आहे? त्यांचं छप्पर आधी घ्यायचं का?
• छपरासाठी अंतर्गत कर्ज द्यायचं का? हप्ता किती परवडेल? ठरलं तर ठराव वहीत लिहा. काम उन्हाळ्याआधी उरकायचं आहे.