भुयाराचा रसास्वाद : हौशी अद्भुत संगणकखेळ आणि मुक्तामालेची परंपरा

मराठी कादंबरीच्या आरंभकाळाचा विचार करताना भालचंद्र नेमाडे यांनी 'यमुनापर्यटन' (1857), 'मुक्तामाला' (1861) आणि 'मोचनगड' (1871) या तीन कृतींच्या आधारे तीन प्रवृत्ती कल्पिल्या, हे अभ्यासकांच्या परिचयाचे आहे. यांपैकी लक्ष्मणशास्त्री हळबे यांच्या 'मुक्तामाला'पासून निघालेली अद्भुतरम्य धारा समीक्षेने रंजनपर, वास्तवपराङ्मुख म्हणून बाजूला सारली. परळी तालुक्यातील सिरसाळ्यासारख्या गावातून पदव्युत्तर वर्गात येणारा विद्यार्थी हा निर्णय पाठ्यक्रमातून शिकतो आणि संध्याकाळी संगणकावर किंवा भ्रमणध्वनीवर एखादा अद्भुत साहसाचा खेळ खेळतो. वर्गात जे हीन ठरले, त्यातच त्याचे मन रमलेले असते. या विसंगतीचे उत्तर 'पलायन' या एका शब्दात देता येईल काय, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

विवेचनासाठी 'मिस्टरी ऑफ सोलारस' हा खेळ घेतला आहे. जपानच्या निन्तेंडो कंपनीच्या 'द लेजंड ऑफ झेल्डा' या मालिकेवर लुब्ध झालेल्या फ्रान्समधील हौशी मंडळींनी 2002 मध्ये तो प्रथम सिद्ध केला आणि 2011 मध्ये त्याची सुधारलेली आवृत्ती काढली. मालिकेतील 1991 च्या एका खेळाचे पुढील कथानक, असे त्याचे स्वरूप आहे. खेळणारा वने, गावे, डोंगर धुंडाळतो आणि एकामागून एक तळघरांत उतरतो. तळघराची रचना अशी, की एका दालनाची किल्ली दुसऱ्या दालनात असते. नकाशा आणि होकायंत्र आतच शोधावे लागते. आणि तेथे हाती लागलेले एखादे साधनच पुढील वाट मोकळी करते. तासाभरापूर्वी जो कडा अनुल्लंघ्य म्हणून सोडून दिला, तो त्या साधनामुळे ओलांडता येतो. या खेळातील आनंदाचा गाभा येथे आहे. राक्षसाच्या वधापेक्षा 'तो कडा आता ओलांडता येईल' असे मनात चमकणे अधिक सुखद असते.

मुक्तामालेच्या परंपरेतही कारस्थान, ताटातूट, कैद आणि सुटका यांची रेलचेल आहे. पुढे नाथमाधवांचे 'वीरधवल' (1913) आले, गो. ना. दातार यांनी तर 'इंद्रभुवनगुहा' असे शीर्षक देऊन गुहाच वाचकासमोर मांडली. तथापि आरंभीच्या अद्भुतकथेत सुटका बहुधा योगायोगाने होते. नायिका संकटात, वाचक व्याकूळ, आणि कोणीतरी अकल्पितपणे उपस्थित! वाचकाने करावयाचे असे काही उरत नाही. उपरोक्त खेळात योगायोगाला जवळजवळ थारा नाही. जे स्मरणात ठेवले नाही, ते उपयोगी पडत नाही. भरताने अद्भुतरसाचा स्थायिभाव विस्मय मानला आहे. खेळाच्या आस्वादात हा विस्मय टिकत नाही, तो ज्ञानात परिणत होतो. प्रथम भयाण वाटलेले दालन तिसऱ्या फेरीत ओसरीसारखे परिचित होते. अर्थात विस्मयाबरोबर येथे वीराचा उत्साह आणि भयानकाचे भय मिसळलेले असते. परंतु त्या मिश्रणाची शास्त्रीय फोड करीत बसण्याचे येथे प्रयोजन नाही.

मराठवाड्यातील वाचकाला भुयाराची कल्पना परकी नाही. सिरसाळ्याच्या परिसरात धारूरचा किल्ला आहे, अंबाजोगाईचे खोदीव मंडप आहेत. आणि जुने देऊळ म्हटले की तेथून कोठेतरी निघणाऱ्या भुयाराची गोष्ट सांगणारा एखादा वृद्ध गावोगावी भेटतोच. मात्र खऱ्या भुयाराचा उत्तम नमुना म्हणजे देवगिरीची 'अंधारी'. खडकात कोरलेला वळणावळणाचा तो मार्ग शत्रूला दिशाभूल करून मारण्यासाठी होता. उजेडाच्या आशेने चुकीकडे वळणारा खंदकात पडावा आणि वर चढून येणारा धुराने गुदमरावा, अशी त्यातील योजना सांगितली जाते. अंधारीचा कर्ता आत येणाऱ्याचा वैरी आहे. खेळातील तळघराचा कर्ता वाट लपवतो, पण खूण ठेवतो; फसवतो, पण पार होण्याची सोय करूनच. म्हणजे शत्रूच्या वेषातील तो यजमान होय. कोड्यात पाडणे आणि कोंडून मारणे यांतील हा भेद लक्षात घेतला नाही, तर या खेळांतील भीती सुखावह का असते, हे उलगडणार नाही.

हौशी निर्मितीला महत्त्व येते ते याच ठिकाणी. चाहता हा मुळात त्याच अंधारात अडकलेला खेळाडू असतो. खेळणारा कोठे कंटाळतो, कोठे हट्टाने थांबतो, हे त्याने स्वतः भोगलेले असते. अभिनवगुप्ताने कवी आणि सहृदय हे सरस्वतीचे एकच तत्त्व मानले. त्याचा इतका शब्दशः प्रत्यय अन्यत्र क्वचितच येतो. या खेळप्रकाराचा उगमही असाच आहे. अमेरिकेतील विल क्राउदर हे मॅमथ केव्ह या गुहेचे प्रत्यक्ष सर्वेक्षण केलेले गृहस्थ. 1975–76 च्या सुमारास त्यांनी आपल्या मुलींसाठी त्या गुहेवर शब्दांचा संगणकखेळ रचला. 1977 मध्ये डॉन वुड्स या तरुणाने त्यात भर घालून तो विस्तारला. तत्पूर्वी जाळ्यावरील सर्व संगणकांवर 'क्राउदर' या नावाने पत्रे पाठवून त्यांनी मूळ कर्त्याचा शोध घेतला आणि अनुमती मिळविली.

अनुमतीचा हा प्रश्न गौण नाही. 2016 मध्ये 'मेट्रॉइड' मालिकेतील जुन्या खेळाची एका चाहत्याने नव्याने घडविलेली आवृत्ती प्रसिद्ध होताच निन्तेंडोच्या कायदेशीर तक्रारीमुळे तिचे वितरण थांबले. दुसऱ्याच्या सृष्टीत घर बांधण्याचा अधिकार कोणाला? मराठी अभ्यासकाला येथे एकनाथ आठवतात. शके 1506 मध्ये (इ. स. 1584) ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केल्यावर त्यांनी त्यात स्वतःच्या ओव्या मिसळणाऱ्यांना कडक शब्दांत बजावले. पण त्यांचा निषेध मिसळण्याला होता. भागवताच्या एकादश स्कंधावर स्वतंत्र, स्वनामांकित टीका त्यांनी स्वतःच रचली. या कसोटीवर 'सोलारस' प्रक्षेप ठरत नाही. तो मूळ खेळात लपून शिरत नाही. आपले ऋण आणि आपले वेगळेपण दोन्ही उघड सांगतो. कायद्याचा निवाडा निराळा असू शकतो. वाङ्मयीन नीतीच्या दृष्टीने मात्र हे अनुयायित्व आहे, अपहार नव्हे.

खेळाच्या मर्यादाही आहेत. त्याचे कथानक विरळ आहे. तलवार उचलणारा तोच अबोल नायक आणि तेच राज्यरक्षण. पात्रांच्या अंतरंगाच्या बाबतीत हळब्यांचे पारडे, त्यांच्या कृत्रिम भाषेसह, जड ठरते. नायक एकटा तळघरात उभा असतो, दार बंद असते, आणि त्याला काय वाटते हे खेळ सांगत नाही. ते खेळणाऱ्याला स्वतःच वाटावे लागते.