अर्धवट मुळाचा दात आणि लेसरचा हिशोब

लेसर म्हटलं की आपल्यासमोर प्रिंटर येतो, ऑप्टिकल फायबर येतो, नाहीतर पत्रा कापणारं मशीन. पण अगदी कमी पॉवरचा लेसर लहान मुलांच्या दाताचं मूळ वाढायला मदत करू शकेल का, यावरही जगात अभ्यास चालू आहे. दातांचा आणि इंजिनिअरिंगचा काय संबंध, असं तुम्ही म्हणाल. संबंध आहे, आणि तो एका साध्या भागाकाराचा आहे.

माझा मावसभाऊ आठ वर्षांचा असताना सायकलवरून पडला आणि त्याचा वरचा पटाशीचा दात तुटला. मावशीने कुठेतरी 'लेसरने दात बरा' अशी जाहिरात वाचली होती. मला म्हणाली, "अगं, तू इंजिनिअर होणार ना? मग सांग, लेसर मारून घेऊ का?" मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले, त्यामुळे दाताच्या आतल्या जिवंत गराला 'पल्प' एवढंच मला माहीत होतं. मराठीत त्याला दंतमगज म्हणतात हे याच निमित्ताने कळलं. असो. मग थोडं वाचन केलं, ते इथे मांडते.

दात हिरडीतून वर आला म्हणजे पूर्ण झाला असं नाही. पक्का दात तोंडात दिसू लागल्यावर त्याचं मूळ पुरं व्हायला अजून साधारण २ ते ३ वर्षं लागतात. वरचे मधले पटाशीचे दात ७-८ व्या वर्षी येतात, म्हणजे त्यांची मुळं १० व्या वर्षाच्या सुमारास पुरी होतात. तोपर्यंत मुळाचं टोक उघडं आणि भिंती पातळ असतात. ही भिंत बांधणारे गवंडी म्हणजे पल्पमधल्या पेशी. मार लागून किंवा कीड लागून पल्प मेला की बांधकाम तिथेच थांबतं आणि तो पातळ दात पुढे सहज मोडू शकतो.

पूर्वी अशा दातात कॅल्शियम हायड्रॉक्साइड महिनोन्‌महिने भरून ठेवत. १९९० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या लोमा लिंडा विद्यापीठातून एमटीए आलं. सिव्हिलवाल्यांनो, हे तुमच्या पोर्टलंड सिमेंटचंच भावंड! त्याने टोक बंद होतं, पण मूळ वाढत नाही. पुढे २००१ मध्ये जपानमधून आणि २००४ मध्ये अमेरिकेतून नवी पद्धत प्रसिद्ध झाली. दात आतून जंतुमुक्त करायचा, उघड्या टोकातून थोडं रक्त आत येऊ द्यायचं, आणि त्या गुठळीच्या आधाराने टोकाजवळच्या मूळ पेशींना काम करू द्यायचं.

लेसर येतो तो इथे, मदतनीस म्हणून. १९६० मध्ये मायमन यांनी पहिला लेसर बनवला. १९६७ च्या सुमारास बुडापेस्टमध्ये डॉ. एंद्रे मेस्टर यांना दिसलं, की भादरलेल्या उंदरांवर कमी पॉवरचा लेसर टाकला तर केस लवकर उगवतात. साधारण ६०० ते १००० नॅनोमीटरचा प्रकाश पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियामधलं एक एन्झाइम शोषतं आणि पेशीला जास्त ऊर्जा मिळते, असं त्याचं प्रचलित स्पष्टीकरण आहे. २०१४ मध्ये हार्वर्डच्या गटाने उंदरांच्या दातांवर असा लेसर वापरून आत नवीन डेंटिन तयार झालेलं दाखवलं.

आता आपला भागाकार. १०० मिलिवॉटचा लेसर ४० सेकंद लावला तर ऊर्जा झाली ४ जूल. ती १ चौरस सेंटिमीटरवर पसरली तर डोस ४ जूल प्रति चौरस सेंटिमीटर. तोच बीम अर्ध्या चौरस सेंटिमीटरवर आणला तर डोस एकदम ८! मशीनवरचा आकडा बदललेला नसतो, पेशीला मात्र दुप्पट मिळतं. आणि ठरावीक डोसपर्यंत पेशींना चालना मिळते, त्यापुढे त्याच मंदावतात. शिवाय हिरडी आणि हाड ओलांडताना प्रकाश विखुरतो, त्यामुळे टोकापर्यंत किती पोचला हा प्रश्न उरतोच. म्हणूनच सर्वांनी मान्य केलेला एकच डोस अजून ठरलेला नाही. ८०८ नॅनोमीटरचा किरण तर डोळ्यांना जवळजवळ दिसतच नाही, म्हणून पापणी आपोआप मिटत नाही. गॉगल सगळ्यांनाच हवा, मुलालासुद्धा.

मावशीला मी सांगितलं, "लेसर म्हणजे गवंड्याला दिलेला चहा. चहाने काम जोरात होईल, पण गवंडीच नसेल तर चहा कोणाला पाजणार? आधी पल्प जिवंत आहे का ते बघू दे." भावाचा पल्प जिवंत होता. डॉक्टरांनी वरचा खराब भाग काढून एमटीए लावलं, लेसर न वापरता. दोन वर्षांनी एक्स-रेमध्ये मूळ पुरं झालेलं दिसलं.

तात्पर्य, मूल पडून दात तुटला तर त्याच दिवशी डेंटिस्टकडे न्या. लेसर सुचवलाच तर वेव्हलेंग्थ, पॉवर, वेळ आणि स्पॉटचा आकार बेधडक विचारा. आणि इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनो, लेसरच्या टोकाशी खरंच किती मिलिवॉट येतात हे मोजणारं स्वस्त मीटर, फायनल इयरच्या प्रोजेक्टला याहून चांगला विषय कुठला?